हार्लेममधलं काम, हेस्टिंग्जमधलं घर : प्रा. केनेथ क्लार्क यांचं प्रकरण

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या एका कृष्णवर्णीय प्राध्यापकाने १९५० साली हार्लेम या शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतलं बिऱ्हाड हलवलं. शहराच्या उत्तरेला, हडसन नदीकाठी हेस्टिंग्ज नावाचं गाव आहे. वस्ती बहुतेक गोऱ्यांची. तिथे घर केलं. मुलगी केट तेव्हा दहाएक वर्षांची होती, मुलगा हिल्टन सातच्या आसपास. जाण्याचं कारण मुलांची शाळा. हार्लेममधल्या शाळांचा दर्जा घसरत चालला होता. मुलांना आयुष्य एकच मिळतं, ते मी पणाला लावू शकत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी पुढे या निर्णयाबद्दल दिलं.

हे प्राध्यापक म्हणजे केनेथ बँक्रॉफ्ट क्लार्क. त्यांच्या पत्नी मेमी फिप्स क्लार्क याही मानसशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून चार वर्षांपूर्वी हार्लेममध्येच मुलांसाठी एक केंद्र काढलं होतं, आणि बिऱ्हाड हलल्यावरही ते सोडलं नाही. घर हेस्टिंग्जला, काम हार्लेममध्ये.

‘कुटुंबवत्सल आणि समाजाला वाहिलेला’ असं आपण एखाद्या प्राध्यापकाबद्दल एका दमात म्हणून जातो. श्रद्धांजलीच्या लेखात ही दोन विशेषणं हमखास शेजारी बसतात. क्लार्क यांच्या प्रकरणात ती दोन्ही खरी आहेत, आणि १९५० साली ती एकमेकांसमोर उभी ठाकली. म्हणून हे प्रकरण मोलाचं वाटतं. माझं म्हणणं असं की क्लार्क यांचं समाजकार्य त्यांच्या घरातूनच उगवलं होतं, आणि बिऱ्हाड हलवण्याचा निर्णय त्या कार्याच्या विरुद्ध नव्हता. मात्र त्याची किंमत होती, आणि ती झाकून ठेवणंही बरोबर नाही.

आई

केनेथ यांचा जन्म २४ जुलै १९१४ चा, पनामा कालव्याच्या पट्ट्यातला. वडील तिथे युनायटेड फ्रूट कंपनीत नोकरीला. केनेथ पाचेक वर्षांचे असताना आई मिरियम दोन्ही मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली. वडिलांनी यायला नकार दिला. मिरियमने हार्लेममध्ये संसार थाटला आणि कपडे शिवण्याच्या कारखान्यात राबून मुलं वाढवली. ती नुसती राबली नाही, कामगार संघटनेची कारखान्यातली प्रतिनिधी झाली. शाळेतल्या सल्लागाराने काळ्या मुलांना देतात तसाच सल्ला दिला होता, की केनेथला हातकामाच्या शाळेत घाला. मिरियम तडक शाळेत गेली आणि त्या सल्लागाराला तिने खडसावलं. मुलगा जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये गेला आणि १९३१ साली तिथून बाहेर पडला.

क्लार्क यांच्यावर लिहिताना हा प्रसंग बहुधा एका ओळीत उरकला जातो. मला तो फार मोठा वाटतो. मुलाची योग्यता शाळेने आधीच ठरवून टाकलेली असते, आणि ते मान्य नसलेलं घरातलं एक माणूस उठून शाळेच्या दारात जातं. पुढे क्लार्क दांपत्याने हार्लेममध्ये जे केलं ते नेमकं हेच होतं. ज्या मुलांच्या आईबापांना शाळेशी भांडण्याचं बळ नव्हतं, त्यांच्या बाजूने शाळेच्या दारात जाणं.

तिथून क्लार्क वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेले. तिथे फ्रान्सिस सम्नर मानसशास्त्र शिकवत होते. या विषयात पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. हॉवर्डमध्येच आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्जची एक मुलगी गणित शिकायला आली होती. तिचे वडील डॉक्टर. केनेथ यांच्या सांगण्यावरून ती मानसशास्त्राकडे वळली. १९३७ साली दोघांनी घरच्यांना न सांगता लग्न केलं.

मेमींना ‘पत्नीची साथ’ या चौकटीत बसवायचा मोह टाळायला हवा. वर्णाची जाणीव लहान मुलांमध्ये कधी आणि कशी येते, हा प्रश्न मुळात त्यांचा. १९३९ च्या त्यांच्या एम.ए.च्या प्रबंधाचा तो विषय होता, आणि त्यासाठी त्यांनी वॉशिंग्टनमधल्या बालवाड्यांतली दीडशे कृष्णवर्णीय मुलं अभ्यासली. नंतर जगभर ‘क्लार्क यांचा बाहुल्यांचा प्रयोग’ म्हणून जे गाजलं, त्याचं बी तिथे आहे. कोलंबिया विद्यापीठातून केनेथ यांना १९४० साली पीएच.डी. मिळाली, मेमींना १९४३ साली. त्या विद्यापीठात या विषयात ही पदवी मिळवणारे हे पहिले दोन कृष्णवर्णीय. तोवर मेमींना दोन मुलं झाली होती. पदवी हातात आल्यावर केनेथ यांना कॉलेजात जागा मिळाली. मेमींना मात्र आपल्या शिक्षणाच्या खूप खालची कामं करावी लागली.

९४६ डॉलर

अशाच एका नोकरीत मेमी बेघर कृष्णवर्णीय मुलींच्या चाचण्या घेत. या मुलींसाठी मानसिक आरोग्याची सोय जवळजवळ नाही, हे त्यांना रोज दिसत होतं. दोघांनी शहरातल्या आधीच्या संस्थांना विचारून पाहिलं, की हार्लेममध्ये तुमचं काम वाढवाल का? कोणी तयार होईना. मग स्वतःच करायचं ठरलं. मेमींच्या वडिलांनी ९४६ डॉलर उसने दिले आणि १९४६ साली हार्लेममधल्या डनबार अपार्टमेंट्सच्या तळघरात नॉर्थसाइड हे केंद्र सुरू झालं. मेमी संचालक. केनेथ दिवसा कॉलेजात शिकवत आणि केंद्राच्या संशोधनाची बाजू सांभाळत.

सुरुवातीला लोक येईनात. मुलाला मानसशास्त्रज्ञाकडे न्यायचं म्हणजे त्याच्यावर वेडाचा शिक्का मारून घ्यायचा, ही भीती हार्लेममध्ये होती. आपल्याकडेही ती आजतागायत आहे, त्यामुळे ती कशी काम करते हे वेगळं सांगायला नको. दार उघडलं ते वेगळ्याच कारणाने. सरकारी शाळा कितीतरी कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गात टाकत होत्या. काही पालक ही मुलं घेऊन केंद्रात आले आणि म्हणाले, एकदा तुम्ही तपासून बघा. नॉर्थसाइडने चाचण्या घेतल्या, तर बहुतेक मुलांचा बुद्ध्यांक त्या वर्गासाठीच्या मर्यादेपेक्षा वरचा निघाला. शाळेने त्यांना तिथे बसवणंच बेकायदा होतं. पालक चिडले, बोभाटा झाला, आणि नॉर्थसाइड हे वेड्यांचं ठिकाण नाही, आपल्या बाजूचं ठिकाण आहे, हे लोकांना कळलं.

व्यवसाय म्हणून समुपदेशन करणाऱ्या प्रत्येकाने इथे जरा थांबावं. विश्वास मिळाला तो जनजागृतीच्या व्याख्यानांनी नव्हे, पालकांच्या डोक्यात आधीपासून असलेल्या प्रश्नाला खरं उत्तर दिल्याने. पुढे केंद्रात वाचन सुधारण्याचे वर्गही आले, कारण वाचता न येणारं मूल शाळेत रोज अपमान गिळतं आणि तोच अपमान मग ‘वर्तनसमस्या’ म्हणून डॉक्टरसमोर येतो. केंद्राला मदत करणाऱ्या काही मंडळींना मनोविश्लेषणाची रूढ वाट हवी होती. मूल आणि त्याचं मन, एवढंच बघायचं. क्लार्क यांचं म्हणणं असं की मूल ज्या घरात, ज्या रस्त्यावर, ज्या शाळेत वाढतंय ते बाजूला ठेवून त्याच्यावर उपचार करता येत नाहीत. हा वाद बरीच वर्षं चालला. आज सामुदायिक मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हा विचार पहिल्या प्रकरणात असतो. तेव्हा त्यासाठी देणगीदारांशी भांडावं लागत होतं.

बाहुल्या आणि हिल्टनच्या वयाची मुलं

आता १९५०-५१ कडे परत येऊ. बिऱ्हाड हलून वर्षही झालं नसेल, फेब्रुवारी १९५१ मध्ये रॉबर्ट कार्टर हे वकील क्लार्क यांना भेटले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे ते वकील. दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन परगण्यात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा कायद्याने वेगळ्या होत्या. १९४९-५० मध्ये तिथे गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत होते आणि काळ्या मुलामागे ४३. पालकांनी सुरुवातीला फक्त मुलांना शाळेत न्यायला बस मागितली होती. तीही मिळाली नाही, म्हणून मामला कोर्टात गेला. ज्यांच्या नावाने खटला उभा राहिला ते हॅरी ब्रिग्ज पेट्रोलपंपावर कामाला होते. त्यांची नोकरी गेली, पत्नी एलिझा यांचीही गेली. पालकांना एकत्र आणणाऱ्या रेव्हरंड डिलेन यांचं घर जळून खाक झालं.

वकिलांना कोर्टात दाखवायचं होतं की इमारती आणि पैसा समान केला, तरी वेगळं बसवण्यानेच मुलाची हानी होते. त्यासाठी त्यांना क्लार्क दांपत्याच्या बाहुल्या हव्या होत्या. या बाहुल्या हार्लेममध्ये वूलवर्थच्या दुकानातून पन्नास सेंटला एक अशा आणलेल्या. दोन तपकिरी, दोन गोऱ्या, बाकी सगळ्या एकसारख्या. मुलाला सांगायचं, खेळायला आवडेल ती बाहुली दे, चांगली दे, वाईट दिसते ती दे, आणि शेवटी, तुझ्यासारखी दिसते ती दे. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात तीन ते सात वर्षांची २५३ कृष्णवर्णीय मुलं होती, १३४ आर्कान्सामधल्या वेगळ्या शाळांतली आणि ११९ मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या मिश्र शाळांतली. ६७ टक्के मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली, ५९ टक्के मुलांनी तपकिरी बाहुली ‘वाईट दिसते’ म्हणून दिली. शेवटचा प्रश्न आला की काही मुलं रडत, काही खोलीतून निघून जात. हे निष्कर्ष क्लार्क दांपत्याने काही वर्षं प्रसिद्धच केले नव्हते. ते पाहून त्यांनाच फार त्रास झाला होता.

क्लॅरेंडनमध्ये क्लार्क यांनी सोळा मुलं तपासली, सहा ते नऊ वर्षांची. दहा जणांना गोरी बाहुली आवडली, अकरा जणांना तपकिरी वाईट वाटली, आणि सात मुलांनी ‘तुझ्यासारखी कोणती’ म्हटल्यावर गोरी बाहुली उचलली. मे १९५१ मध्ये चार्ल्स्टनच्या कोर्टात त्यांनी साक्ष दिली.

ही सोळा मुलं हिल्टनच्याच वयाची होती. आपला मुलगा हेस्टिंग्जच्या शाळेत घालून आलेला बाप त्याच्याच वयाच्या मुलांसमोर बाहुल्या मांडून बसला होता. यात ढोंग शोधणाऱ्याला ते सापडेलही. मला यात उलटंच दिसतं. मूल वेगळ्या, हलक्या शाळेत राहिलं तर त्याचं काय होतं, हे देशात या माणसाइतकं नेमकं माहीत असलेले बाप फार थोडे असतील. माहीत असून मुलाला तिथेच ठेवणं म्हणजे स्वतःच्या पुराव्यावर स्वतःचाच विश्वास नसणं.

खालच्या कोर्टात खटला हरला. एकटे न्यायाधीश वेअरिंग यांनी विरोधी मत नोंदवलं. पुढच्या वर्षी व्हर्जिनियातल्या खटल्यात वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्ष द्यायला आले ते कोलंबियाचे हेन्री गॅरेट, मेमींचे पीएच.डी.चे मार्गदर्शक. त्यांना उत्तर द्यायला मेमी स्वतः साक्षीला उभ्या राहिल्या. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्या खटल्यांचा एकत्र निकाल दिला आणि वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकालाच्या अकराव्या तळटीपेत आधाराला घेतलेल्या संशोधनाची यादी आहे, तिच्यात पहिलं नाव के. बी. क्लार्क यांचं आहे.

प्रयोगावर टीका झाली आणि ती पोकळ नव्हती. स्प्रिंगफील्डच्या मिश्र शाळांतल्या मुलांनी गोरी बाहुली आर्कान्सामधल्या वेगळ्या शाळांतल्या मुलांपेक्षा थोडी जास्तच मागितली होती. मग दोष शाळेच्या वेगळेपणाचा की सगळ्या समाजाचा? या प्रयोगातून ते सुटं करता येत नाही. पुढच्या पिढीच्या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक आक्षेप घेतला, की अशा अभ्यासांनी काळ्या मुलाची ओळख ‘मोडलेलं मूल’ एवढीच केली. दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत. पण क्लार्क यांचं मत सोळा मुलांवर आणि चार बाहुल्यांवर उभं नव्हतं. नॉर्थसाइडच्या तळघरात खोट्या शिक्क्याचं मूल घेऊन आलेली प्रत्येक आई त्यांनी ऐकलेली होती. कोर्टाला टेबलावर ठेवता येईल असं काहीतरी लागतं, म्हणून बाहुल्या पुढे आल्या आणि तळघर मागे पडलं. इतिहासातही तसंच झालं, आणि याचं मला वाईट वाटतं.

निर्णयाची किंमत

हेस्टिंग्जला जाण्याचा निर्णय बाप म्हणून योग्य होता, असं मी म्हटलं. तरी त्याचा दुसरा अर्थ उरतोच. ज्या पालकांकडे शिक्षण आहे, पगार आहे, शाळेला जाब विचारण्याची भाषा आहे, तेच पालक निघून गेले, तर मागे राहिलेल्या शाळेला जाब कोण विचारणार? महाराष्ट्रात हा प्रश्न परका नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मन लावून शिकवणारे कितीतरी गुरुजी आणि बाई आपल्या मुलांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतात. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. त्यांच्या जागी उभं राहून वेगळं करणं सोपं नाही. पण गावाला त्यातून जे कळायचं ते कळतं.

क्लार्क यांनी ही किंमत ओळखली होती, असं त्यांच्या पुढच्या वागण्यावरून म्हणता येतं. फेब्रुवारी १९५४ मध्ये, म्हणजे निकाल लागायच्या आधीच, त्यांनी हार्लेममध्ये जाहीरपणे सांगितलं की न्यूयॉर्कमधल्या शाळाही व्यवहारात वेगळ्याच आहेत आणि काळ्या मुलांच्या शाळा हलक्या आहेत, चौकशी करा. दक्षिणेला दोष देऊन उत्तरेतल्या उदार मंडळींच्या टाळ्या घेणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी आपल्याच शहराच्या शिक्षण मंडळाशी वैर घेतलं. १९६६ पासून वीस वर्षं ते न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या रीजंट्स मंडळावर होते, त्यावरचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य. या सगळ्यात सिटी कॉलेजातलं शिकवणं १९७५ पर्यंत चालूच होतं.

सगळं साधलं असंही नाही. १९६२ मध्ये त्यांनी हार्लेमच्या तरुणांसाठी ‘हारयू’ हा उपक्रम उभारला. पाहणीचं काम हार्लेमच्याच मुलामुलींकडून करून घेतलं आणि १९६४ मध्ये सहाशेहून जास्त पानांचा अहवाल दिला. वस्ती दुबळी राहते कारण तिच्या हातात सत्ता नाही, हे त्याचं सार. सरकारी पैसा येणार म्हटल्यावर हार्लेमचे खासदार अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांनी उपक्रमावर पकड बसवली, आणि त्याच वर्षी क्लार्क बाहेर पडले. मला इथे एक तुलना करावीशी वाटते. नॉर्थसाइड घरच्या उसन्या पैशावर लहान सुरू झालं, एका बाईने ते तीस वर्षांहून जास्त काळ एकहाती सांभाळलं, आणि टिकलं. हारयू मोठ्या निधीच्या भरवशावर उभं राहिलं आणि दोन वर्षांत हातचं गेलं. यावरून मोठी कामं करूच नयेत असं नाही. पण घरातलं माणूस जसं रोजच्या रोज राखण करतं तशी राखण करणारं कोणी हारयूला नव्हतं.

मराठी वाचकाला या प्रकरणाशी जोडणारा एक धागा खराखुरा आहे. क्लार्क दांपत्य जिथे शिकलं त्या कोलंबिया विद्यापीठात साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळं बसलेला विद्यार्थी १९१३ ते १९१६ या काळात शिकून गेला होता. नॉर्थसाइड सुरू झालं त्याच १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडायच्या अर्जाची प्रत मागितली. वेगळं बसवण्याने मुलाच्या मनावर काय होतं, हे बाबासाहेबांना बाहुल्यांवाचून ठाऊक होतं. आपल्याकडच्या मानसशास्त्र विभागांनी मात्र हा प्रश्न प्रयोगशाळेत आणि मग कोर्टात नेण्याइतका मनावर घेतला नाही, असं मला वाटतं.

आता मुलांचं. मेमी १९८० च्या सुमारास निवृत्त झाल्या आणि ११ ऑगस्ट १९८३ रोजी गेल्या. त्यांच्यामागे केटने काही काळ नॉर्थसाइडचं संचालकपद सांभाळलं. हिल्टनने कोलंबियात शिकताना कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला आणि पुढे तो न्यूयॉर्कच्या नगर परिषदेवर निवडून गेला. हेस्टिंग्जच्या शाळेत वाढलेली दोन्ही मुलं शहराच्या कामात परतली. यावरून १९५० चा निर्णय बरोबर ठरतो का? क्लार्क यांचा हिशेब त्यांच्या घरापुरता जमला, एवढंच यातून म्हणता येईल. क्लॅरेंडनच्या सोळा मुलांच्या आईबापांसमोर हेस्टिंग्ज नव्हतं. क्लार्क स्वतः १ मे २००५ रोजी हेस्टिंग्जमध्येच वारले. १९५४ च्या निकालानंतरही शाळा पुन्हा वेगळ्या होत गेल्या, आणि उतारवयात ते याबद्दल उघडपणे, कडवटपणे बोलत. हार्लेममधलं नॉर्थसाइड त्यांच्या मागेही मुलांना तपासत आणि शिकवत राहिलं.